वसतिगृह पाहायला जाल तेव्हा राहणाऱ्यांना काय विचारावे

वसतिगृहाची चौकशी बहुतेक पालक जून-जुलैत करतात, आणि नेमकी त्याच महिन्यांत वसतिगृहाची खरी परीक्षा पाहणारी बाजू दिसत नाही. पावसाला सुरुवात झालेली असते, बोअरला पाणी असते, भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो आणि अर्ध्या खोल्या रिकाम्या असल्यामुळे इमारत मोकळी वाटते. मी स्वतः अंबाजोगाई तालुक्यातील खेड्यातून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, शिकायला आलो तेव्हा वडिलांनी आणि मी असेच जुलैत एक खासगी वसतिगृह पाहिले, खोली आवडली म्हणून त्याच दिवशी अनामत रक्कम भरली आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. मार्चमध्ये तिथली टाकी आठवड्यातून दोनदाच भरू लागली आणि परीक्षेच्या दिवसांत आम्ही पहाटे चारला बादल्या घेऊन रांगेत उभे राहिलो. तिथे दोन वर्षांपासून राहणाऱ्या मुलांना हे आधीच ठाऊक होते, परंतु आम्ही त्यांच्यापैकी एकालाही काही विचारले नव्हते.

आता महाविद्यालयात शिकवताना दरवर्षी अशी मुले आणि त्यांचे पालक भेटतात. त्यांना मी जे क्रमाने सांगतो तेच येथे लिहीत आहे.

पहिली पायरी: वसतिगृहाचा प्रकार ठरवा

मराठवाड्यात उच्च शिक्षण वसतिगृहांच्या आधारानेच वाढले आहे. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्यांत शिकायला येणारा मोठा वर्ग खेड्यांतलाच होता आणि रोज घरी परतणे त्याला शक्य नव्हते. आजही परभणीच्या कृषी विद्यापीठात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात किंवा लातूरच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलांची स्थिती फारशी वेगळी नाही.

साधारणपणे चार पर्याय समोर असतात. महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे स्वतःचे वसतिगृह, शासनाच्या विविध विभागांची वसतिगृहे, एखाद्या शिक्षणसंस्थेने किंवा समाजाने चालवलेले वसतिगृह, आणि खासगी खोल्या, ज्या बहुधा 'कॉट बेसिस'वर म्हणजे खाटेमागे भाडे घेऊन दिल्या जातात. लातूरमध्ये अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी येणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने हा चौथा प्रकार तिथे फार वाढला आहे.

सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहात राहणे व जेवण विनामूल्य असते. तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि तिच्या मूळ रचनेत भोजन, निवास व निर्वाह मिळून संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार व इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये धरलेले आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागासवर्गीय व भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, आणि ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. गुणांच्या, उत्पन्नाच्या आणि अभ्यासक्रमाच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेतूनच वाचाव्यात. अशी रक्कम हप्त्यांनी आणि पुष्कळदा उशिरा बँक खात्यात जमा होते, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या मेसचे पैसे घरून जुळवून ठेवावेत.

दुसरी पायरी: कोणाला आणि केव्हा विचारावे

प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली मुले तुमच्याइतकीच नवीन असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा, म्हणजे किमान एक पूर्ण उन्हाळा तिथे काढलेला विद्यार्थी गाठावा. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, मुले मेसमधून परतताना बोलणे सोपे जाते. वसतिगृह सांभाळणारे रेक्टर किंवा शासकीय वसतिगृहाचे गृहपाल शेजारी उभे असताना मिळालेल्या उत्तराला फारसा अर्थ नसतो, कारण त्या मुलाला पुढचे वर्षही तिथेच काढायचे असते. शक्य असेल तर वसतिगृह सोडून बाहेर खोली घेतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशीही बोलावे.

प्रश्न कसा विचारता यावर सगळे अवलंबून असते. "दादा, होस्टेल कसं आहे?" असे विचारले की "चांगलंय की" एवढेच उत्तर मिळते. यात त्या मुलाचा खोटेपणा नसतो. त्याला सवय झालेली असते, आणि पाहुण्याला वाईट सांगणे आपल्याकडे बरे दिसत नाही. म्हणून मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. "गेल्या एप्रिलमध्ये आंघोळीला किती बादल्या पाणी मिळत होतं?", "मागच्या महिन्यात मेस किती दिवस बंद होती?", "रात्री कोणी आजारी पडलं होतं का, आणि मग दवाखान्यात कोणी नेलं?" अशा प्रश्नांना उत्तर देताना माणसाला आठवावे लागते, आणि आठवून दिलेले उत्तर सहसा खरे असते.

निदान तिघांना विचारावे, आणि तेही वेगवेगळ्या मजल्यांवरच्या. तळमजल्यावरचा मुलगा पाणी भरपूर आहे म्हणतो आणि तिसऱ्या मजल्यावरचा नाही म्हणतो, तेव्हा दोघेही खरेच बोलत असतात, कारण दाब कमी असला की नळाला पाणी खालीच थांबते. असा विरोध दिसला तर गोंधळून न जाता तुम्हाला कोणत्या मजल्यावरची खोली मिळणार आहे एवढे विचारून घ्यावे. एखादा फारच कडवटपणे बोलत असेल तर त्याचे म्हणणे टाकून देऊ नये, मात्र त्याला अलीकडे दंड झाला आहे का किंवा खोली बदलून मिळाली नाही का, हे समजून घेऊन मग त्याचे वजन ठरवावे.

तिसरी पायरी: पाणी

या एका विषयावर अर्धा तास खर्च झाला तरी चालेल. संभाजीनगर जायकवाडीवर, लातूर मांजरा धरणावर, नांदेड विष्णुपुरीवर, बीड माजलगाववर अवलंबून आहे, आणि ही धरणे भरली तरी नळाला पाणी रोज येईलच असे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात शिकायला आलेली अनेक मुले गावी परतली, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज १३५ लिटर हे मानक धरले जाते. प्रत्यक्षात वसतिगृहात उन्हाळ्यात आंघोळ, कपडे आणि शौचालय मिळून चार-पाच बादल्या मिळाल्या तरी मुले समाधानी असतात. म्हणून पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. नळाचे पाणी किती दिवसांआड येते? बोअर आहे का, आणि असल्यास मार्चनंतर तो किती वेळ चालतो? टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च वसतिगृह करते की मुलांकडून वर्गणी घेतली जाते? टाकी वर्षातून किती वेळा धुतली जाते? शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि कावीळ व विषमज्वराच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

पिण्याच्या पाण्याचा विचार वेगळा करावा. भिंतीवर शुद्धीकरण यंत्र बसवलेले दिसले म्हणून समाधान मानू नये. ते चालू आहे का आणि त्याची देखभाल शेवटची कधी झाली, हे पाहावे. बंद पडलेले यंत्र आणि त्याखाली वीस लिटरचा विकतचा जार, असे दृश्य आपल्याकडे सर्रास आढळते. जारचे पैसे खोलीतल्या मुलांना भरावे लागत असतील तर ती रक्कम महिन्याच्या खर्चात आधीच धरावी.

पाणी दिवसाआड येते तिथे मुले ते ड्रममध्ये साठवतात, आणि डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मजल्यावरचे ड्रम झाकलेले आहेत का, आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासून कोरडे केले जातात का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. राहायला गेल्यावर ही जबाबदारी तुमचीही असेल.

चौथी पायरी: मेसमध्ये एक वेळ जेवा

मेसविषयी कितीही ऐकले तरी एकदा तिथे बसून जेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये. रविवारी गोडधोड असते, म्हणून साधा वार निवडावा, पैसे देऊन ताट घ्यावे आणि शक्यतो पंगत संपत आल्यावर बसावे. शेवटच्या पंगतीला भाजी उरते का, वरणात पाणी वाढवले जाते का, पोळ्या कच्च्या असतात का, हे तेव्हाच कळते. आपल्या भागातल्या मुलांना ज्वारीच्या भाकरीची सवय असते. रोज दोन्ही वेळा पोळी आणि भात खाऊन पहिल्या महिन्यात पोटाच्या तक्रारी सुरू होतात, म्हणून आठवड्यातून काही दिवस तरी भाकरी मिळते का ते विचारावे. स्वयंपाकघर, भांडी घासण्याची जागा आणि सांडपाण्याचा मार्ग पाहण्याची परवानगी मागावी. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी नीट बोलले तर त्या पुष्कळ काही सांगतात.

मेस दोन पद्धतींनी चालते. एक ठेकेदाराची, जिथे महिन्याची रक्कम ठरलेली असते, आणि दुसरी मुलांच्या समितीची, जिथे किराणा व भाजीचा एकूण खर्च जेवणाऱ्यांत वाटला जातो. माझ्या अनुभवात दुसरी पद्धत स्वस्त व चांगली पडते, पण हिशेब भिंतीवर लागत असेल तरच. दोन्हींमध्ये खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचा, नियम आधी समजून घ्यावा. गावी गेल्यावर किती सलग दिवसांचा खाडा धरला जातो, त्याची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते आणि त्याचे पैसे परत मिळतात की पुढच्या महिन्यात वळते होतात, यावर वर्षाकाठी मोठा फरक पडतो. पेरणी-काढणीच्या दिवसांत घरी मदतीला जाणाऱ्या मुलांसाठी तर हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या अनेक मुलांचा डबा आजही गावाहून एसटीने येतो. आईने पहाटे बांधून दिलेला डबा वाहकाच्या ओळखीने स्थानकावर उतरतो आणि मुलगा तो घ्यायला जातो. तुमचा असा विचार असेल तर वसतिगृहात मेस सक्तीची आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. सक्ती असूनही डबा चालू ठेवल्याने दोनदा खर्च झालेली कुटुंबे मी पाहिली आहेत. उन्हाळ्यात गाडीला उशीर झाला तर डब्यातली भाजी आंबते, म्हणून मार्चपासून चटणी, ठेचा आणि भाकरी एवढाच डबा मागवणे सुरक्षित ठरते.

पाचवी पायरी: खोली आणि शौचालये

खोलीत किती जण राहणार, प्रत्येकाला खाट, टेबल आणि कुलूप लागणारे कपाट आहे का, पंखा चालतो का, हे पाच मिनिटांत पाहून होते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, म्हणून वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे भिंत असलेली खोली शक्यतो टाळावी. स्वतःचा कूलर लावू देतात का आणि विजेचे वेगळे पैसे घेतात का, हेही विचारावे. खाटेच्या सांध्यांत व गादीच्या शिवणीत काळे बारीक ठिपके दिसले तर तिथे ढेकूण आहेत असे समजावे. मंजूर संख्येपेक्षा जास्त मुले खोलीत राहतात का, हेही विचारावे. वसतिगृहांच्या भाषेत अशा बिननोंदणीच्या मित्रांना 'पॅरासाइट' म्हणतात, आणि त्यांचा भार पाण्यावर व शौचालयांवर पडतो.

शौचालये मात्र सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पाहावीत. दुपारी धुऊन स्वच्छ केलेले शौचालय पाहून काहीच कळत नाही. मुलींच्या वसतिगृहात आतून कडी लागते का, दिवा आहे का, सॅनिटरी नॅपकिन टाकण्याची सोय आहे का आणि ती रोज रिकामी होते का, हे प्रश्न आईने किंवा बहिणीने तिथल्या मुलींना मोकळेपणाने विचारावेत. वडील सोबत असताना मुली यावर बोलत नाहीत, आणि मग हा विषय राहूनच जातो.

सहावी पायरी: सुरक्षितता, सुट्टी आणि आजारपण

रेक्टर इमारतीतच राहतात की दिवसातून एकदा येतात, हा यातला मुख्य प्रश्न आहे. रात्री रखवालदार असतो का, एसटी स्थानकापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, उशिराच्या गाडीने आलेल्या मुलीला आत घेतात का की वेळ संपली म्हणून बाहेर थांबवतात, हे तिथे राहणाऱ्यांकडूनच कळते. मुलींच्या सुरक्षिततेसाठी वेळेचे बंधन असावे, असे बहुतेक पालकांना वाटते. मला मात्र असे वाटते की गाडी बंद पडल्यामुळे उशीर झालेल्या मुलीला दार न उघडणारे बंधन कोणाचीच सुरक्षितता राखत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह उघडे राहते का, हेही जरूर विचारावे. बीड, धाराशिव, जालना जिल्ह्यांतील अनेक आई-वडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि गावातले घर बंद असते. अशा मुलाला सुट्टीत जायला जागाच नसते. काही वसतिगृहे लेखी अर्जावर राहू देतात, पण मेस मात्र बंद ठेवतात. हे आधी ठाऊक असले तर नातेवाइकांशी बोलून व्यवस्था करता येते.

रॅगिंगविषयी नवीन मुलांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. "ओळख परेड" या नावाखाली रात्री खोलीत बोलावणे, कामे करून घेणे, जात किंवा गाव काढून हिणवणे हे सर्व यात येते, आणि सहन करून ते थांबत नाही. घरची आठवण, अभ्यासाचा ताण किंवा झोप न येणे असह्य होऊ लागले तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

सातवी पायरी: कागद आणि पावत्या

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व लागू असल्यास वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि छायाचित्रे यांच्या चार-चार प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात. उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच काढावा, कारण जूनमध्ये सेवा केंद्रांवर गर्दी होते. अनामत रकमेची पावती भाड्याच्या पावतीपासून वेगळी मागावी. खासगी ठिकाणी मध्येच सोडल्यास किती रक्कम कापली जाईल, हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर मे महिन्यात वाद झालेले मी अनेकदा पाहिले आहेत.

आठवी पायरी: राहायला गेल्यावरचे पहिले पंधरा दिवस

खोली ताब्यात घेताना तुटलेली खिडकी, हलणारी खाट, बंद दिवा यांची छायाचित्रे तारखेसह काढून रेक्टर सरांना किंवा मॅडमना दाखवावीत, म्हणजे वर्षअखेर तो दंड तुमच्या माथी येत नाही. टॉवेल, अंथरूण आणि वस्तरा कोणाशीही वाटून घेऊ नये. वसतिगृहात खरूज याच मार्गाने पसरते, आणि ती झाली तर खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी औषध घेऊन कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. एकट्याने उपचार केला तर ती पुन्हा होते. जवळचा सरकारी दवाखाना आणि रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावे.

नववी पायरी: तुमचे म्हणणे लिहून द्या

दोन-तीन महिन्यांत तुम्हीही "चांगलंय की" म्हणू लागाल, म्हणून पहिल्या महिन्यापासून एका वहीत नोंद ठेवावी. पाणी कोणत्या दिवशी आले नाही, मेस केव्हा बंद होती, तक्रार कोणाला कधी सांगितली, एवढे पुरे. महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनात, म्हणजे गुणवत्तेच्या अधिकृत तपासणीत, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते, आणि अनेक ठिकाणी वसतिगृहाचे अभिप्राय फॉर्मही भरून घेतात. मुले ते घाईघाईत भरतात आणि सगळीकडे 'उत्तम' वर खूण करतात. मग उन्हाळ्यात पाण्यासाठी भांडायला गेल्यावर तेच फॉर्म समोर ठेवले जातात.

तक्रार लिहिताना "पाण्याची फार गैरसोय आहे" असे लिहू नये. "तिसऱ्या मजल्यावर १० ते १६ मार्च या आठवड्यात चार दिवस सकाळी सातनंतर पाणी नव्हते, मजल्यावर बेचाळीस विद्यार्थी आहेत, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो आहे" असे लिहावे, कारण असे वाचून प्लंबर पाठवता येतो. अर्जावर शक्य तितक्या खोल्यांच्या सह्या घ्याव्यात, दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. पहिला अर्ज रेक्टरकडे, मग प्राचार्यांकडे, आणि तरीही काही झाले नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे, तिने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. शासकीय वसतिगृहाची तक्रार गृहपालांनी घेतली नाही तर ती संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयात द्यावी.

मे महिन्यात खोली सोडताना वीजबिल, मेस आणि ग्रंथालयाचे 'ना-देय' प्रमाणपत्र घेऊन त्याच दिवशी अनामत रकमेसाठी अर्ज द्यावा, कारण सुट्टीनंतर आलेल्या अर्जांना ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. वही मात्र टाकून देऊ नये. जूनमध्ये एखादा बाप मुलाला घेऊन फाटकाशी उभा असेल, त्याला खोलीत बोलावून एप्रिल आणि मे महिन्यांची पाने दाखवावीत.